निळीच्या पिंपाला गूळ

चि. सौ. मनू हिला अनेक आशीर्वाद.

माहीमला सगळी खुशाल असाल. तुझा गुडघा आता काय म्हणतो? इथे फणसवाडीत आम्ही ठीक आहोत. (आम्ही म्हणजे मी आणि एक पिंप. सवयीनं लिहिलं गेलं.)

तुझ्या ताईनं जाण्याआधी दादरला नैसर्गिक निळीनं कापड रंगवायच्या वर्गात नाव घातलं होतं, तिची ती पांढरी सुती साडी निळी करायची म्हणून. महिन्यापूर्वी तिथून फोन आला, कालिंदीताई येणार ना? ती गेली हे सांगायला जीभ रेटली नाही. येणार म्हणालो आणि मीच गेलो. हजेरीत अजून तेच नाव आहे. शिकवणाऱ्या जोॲनाबाई (वय सव्वीस) ते माझं आडनाव समजून मला कालिंदीकाका म्हणतात. मी ओ देतो.

पहिल्या दिवशी रुमाल बुडवला, तो हिरवा निघाला. बिघडला असं वाटून, चौतीस वर्षं कचेरीत चुका फायलीखाली सरकवल्या त्या सवयीनं, ओलाच खिशात घातला. हवा लागली की हिरव्याचा निळा होतो, हे बाईंनी नंतर सांगितलं. डावी मांडी आठवडाभर निळी होती आणि डॉक्टरांनी तीन तपासण्या लिहून दिल्या.

मग घरी मोरीत पिंप लावलं. नीळ, चुना आणि गूळ. त्याला अधूनमधून गूळ चारायचा, ऊब द्यायची आणि अगदी हलक्या हातानं ढवळायचं. मी ताकासारखं रवीनं घुसळलं. हवा शिरली आणि रंगानं मान टाकली. वास असा सुटला की शेजारच्या कमलाबाईंनी उंदीर मेला म्हणून प्लंबर बोलावला. आता पिंप तुझ्या ताईच्या गोधडीत गुंडाळून ठेवलंय. सकाळ-संध्याकाळ त्याला विचारतो, जेवलास का. घरात विचारायला दुसरं कुणी नाही, मनू.

परवा रंग जागा झाला. फडकं सुरेख निळं निघालं, ते कमलाबाईंनी मागून नेलं. साडी तेवढी राहिलीय. घाई नाही, सवडीनं करीन. माझी काळजी करू नकोस.

तुझे भाऊजी,
वसंत

ता. क. पिंप आणखी चार-पाच दिवसच टिकेल असं जोॲनाबाई म्हणतात. तेव्हा घाई आहे.

आणखी एक. रंगवण्याआधी कापड सोडा घालून उकळावं लागतं, नाहीतर रंग चढत नाही. साडीला अजून तिच्या पावडरीचा वास आहे. तीनदा पाणी तापवलं आणि तिन्ही वेळा त्यात माझे शर्ट धुतले. रविवारी येशील का? साडी तू उकळ. तोवर मी खाली जाऊन उभा राहतो.