कार्डावरचं कुंकू

भाग्येश,

तुझं सेव्ह गेलेलं नाही. काल दसऱ्याला आईनं ट्रॅक्टरसोबत तुझ्या गेमच्या मेमरी कार्डाचीही पूजा केली. ओलं कुंकू त्याच्या पितळी पट्ट्यांवर वाळलं, म्हणून लोड होत नव्हतं. ओरडण्याआधी कार्ड उलटं करून बघायचंस! मी खोडरबरनं घासून काढलंय. हळूच बसव. तरी नाही चाललं तर 'नवीन गेम' दाबू नको, जुनं सगळं जाईल.

पाहुण्यांसमोर तू तिला अडाणी म्हणालास. सकाळी ती न जेवताच म्हसावदला मावशीकडे निघून गेली. मी तिला आणायला चाललेय.

खेळण्याला कुंकू कशाला, असं मीही तिला विचारलं होतं. म्हणाली, "मन्हा पोऱ्या ह्या गेमपुढेच हासस."

चेतना