खुर्सीपारची पायाळू

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ९

आन म्हणे हाडं कडकड वाजली का समजाचं बरं झालं! कोणी सांगतलं हे लोकाईले? मी तेवीस वर्सांपासून खुर्सीपारात मंगळवार-शनिवार लाथ मारून राहिली, कोणाच्या कमरेतून आवाज नाही आला. माणूस भिंतीले हात टेकवून पाठमोरा उभा राहते, मी उजव्या पायानं कमरेले तीन डाव लावते. उसण गायब. पायाळू आहो मी. मायच्या पोटातून पाय पुढं करून आली. हे कोण्या कॉलेजात शिकवत नाही.

आज कोणीच नाही आलं. सगळे हुडको कॉलनीत. तिथं उत्कर्षा मॅडमनं दुकान मांडलं. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाडं वाजवून इलाज. नाव घेता घेता जीभ लचकते.

ठरवलं. आठ दिवसांत तिचं शटर खाली.

११ जानेवारी, शनिवार

एक आली. बाजूची शकुबाई, साखर मागाले. म्हटलं आलीच तं उभी राय. म्हणे, अवो कौशल्याबाई, मले काहीच दुखत नाही. म्हटलं, पुढं दुखंल. तीन मारल्या. आता दुखते म्हणे. म्हणजे आत लपून होतं, बाहेर निघालं. पावर शाबूत आहे.

१२ जानेवारी, रविवार

घरातच गद्दार! आमचे हे, केवलराम, स्टील प्लांटात क्रेनवर बसतात. वरून खाली पाहू पाहू मान धरली होती, चार महिने झाले. आज जेवताना मुंडी गर्रकन मागं वळवली आन टीव्ही पाहिला. म्हटलं, हे कधीपासून? म्हणे, हवा बदलली. शर्टाच्या खिशात हुडकोच्या मॅडमचं कार्ड.

मंग कबूल केलं. म्हणे, तुही लाथ कमरेची, माही तं मान होती. म्हटलं, मान काय हवेत लटकते? कमरेलेच जोडली आहे ना!

संध्याकाळी भाजीत मीठ नाही टाकलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगुळाच्या बहाण्यानं हुडकोत जासूसी कराले गेली. मॅडम पोरगीच आहे, तिशीची. टेबलाले तोंडाच्या जागी भोक. लोक त्यात तोंड खुपसून पालथे पडतात, वरून ओळख पटत नाही. पण एक पातळ ओळखीचं वाटलं. कोण आहे पाहाले मी टेबलाखाली वाकली.

शकुबाई!

मी तशीच राहिली. म्हणजे वाकलेलीच. कंबर लॉक. शकुबाई भोकातून म्हणे, कौशल्याबाई, तिळगुळ घ्या गोड बोला.

मॅडम म्हणे काकू हलू नका. शकुबाईले उतरवलं, मले टेबलावर चढवलं, पाय वळवला, कडाक! सरळ झाली मी. (पायाळूच्या अंगात पावर असतेच, तिनं फक्त बटन दाबलं.) मंग मले खाली उतरवाले गेली आन तिचीच कंबर धरली. माह्या वजनाचा काही संबंध नाही. तिचे हात कच्चे.

ती वाकलेली, मी उभी. तिळगुळ देऊन आली.

१८ जानेवारी, शनिवार

दारात कार! मॅडमची आई, कमलिनीताई. नवरा प्लांटात ऑफिसर. म्हणे, चार दिवस झाले, उत्कर्षाला सरळ होता येत नाहीये, स्वतःची पाठ स्वतः कशी वाजवणार? आमच्या वर्ध्याकडे पायाळूची लाथ देतात, तुम्ही द्याल का?

मॅडम मागच्या सीटवर आडवी. आतून म्हणे, आई, ही अंधश्रद्धा आहे. आई म्हणे, मग उठून दाखव.

लगेच मारली असती. पण सकाळी नाश्ता झाला होता, लाथ उपाशी पोटीच लागते. मंगळवारी या म्हणणार होती, पण नवीन ब्लाउज तोवर शिवून नाही होत. २५ तारीख, शनिवार, साडेआठ पक्कं केलं. पोरगी रडली. आनंदानं असंल.

२१ जानेवारी, मंगळवार

अकरा जण! फाटकापासून नळापर्यंत लाइन! डॉक्टरीण माह्या लाथेले येऊन राहिली हे सगळ्या खुर्सीपारले मालूम. मीच सांगतलं. आमच्या यायनी गुपचूप खुर्च्या लावल्या. ठरवलं: हुडकोच्या बोर्डावर मॅडमच्या वर माहं नाव.

नाचू नाचू वाटून राहिलं. नाचली.

२२ जानेवारी, बुधवार

आमगावले मोठ्या बहिणीले, पंचफुलाबाईले, फोन लावला. सगळं सांगतलं. ती हसली. खूप हसली. पाणी पेली, मंग अजून हसली.

म्हणे, अवो येडे, पायाळू मी! तू तं डोक्यानंच आली, सुईण दारात चप्पल काढतच होती. मी दाराशी उभी होती, आठ वर्साची. लगन झाल्यावर माह्या सासूनं लोकाईले लाथा माराची मनाई केली. गाववाले मायकडं येतच राहिले, त्यायले रिकामं कसं धाडाव? मायनं माह्या जागी तुले उभी केली.

म्हटलं, मंग माह्या लाथेनं लोक बरे कसे झाले? म्हणे, उसण तिसऱ्या दिवशी आपोआप जाते, बाई.

खोटारडी. जळते.

मायले फोन केला. माय म्हणे, तुम्ही सात जण, कोण डोक्यानं आलं, कोण पायानं, मी का लिहून ठेवलं? जेवली का तू?

२३ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस राहिले. ब्लाउज आला, मस्त बसला. लोक विचारून राहिले, लवकर आलं तर पुढं जागा भेटंल का.

मायले अजून एक फोन कराचा आहे. बोलताना बोबडी वळू नये म्हणून आधी लिहून घेते, मंग वाचते:

माय, परवा साडेआठले डॉक्टरीण माह्या भिंतीले हात टेकवून उभी राहील, अख्खी खुर्सीपार पाहील. पाय उचलाच्या आधी मले मालूम पायजे, मी पायानं आली का डोक्यानं. आठव, नाही तं शेजारणीले विचार. उद्या, शुक्रवारी, दिवाबत्तीच्या आत जवाब पायजे.

आन पायानंच सांग.