ऐनाच्या झाडावरचा नवरा

३ जुलै
माहेराहून, चाईबाशा शहरातून, काल सासरी पोचले. बी.ए. झालेली सून बघायला अख्खं गाव दारात आलं होतं. तांदळाच्या दारूचे वाडगे फिरले, मीही दोन घेतले. मजा आली. सकाळी तुराम, म्हणजे माझा नवरा, टसर रेशमाच्या अळ्या राखायला ऐनाच्या रानात गेला. कोष होईपर्यंत राखणदाराने घरी यायचं नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, बायकोचं तोंड बघायचं नाही. अळ्या बाटतात म्हणे. किड्यांचंही सोवळं असतं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

९ जुलै
कुणाला न विचारता डबा आणि तेलाची बाटली घेऊन रानात गेलेच. तुराम गलोलीने कावळे हाकत होता. मला बघून पांढराफटक पडला. मी हसत हसत त्याच्या डोक्यावर तेल थापलं. घरी कळल्यावर सासूबाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की आता भात दुप्पट रांधत जा, त्याला भूक लागेल.

१७ जुलै
पातेलंभर भात संपवून तो ऐनाची पानं ओरबाडतो. अंगाची सालं निघतात. अळी चारदा कात टाकते, ही त्याची दुसरी, असं सासूबाई सांगतात. अडाणीपणाची हद्द झाली. साधी खरूज आहे. मलम मागवलं.

२५ जुलै
मलम लावायला गेले. कातडी हिरवी, गार. कात टाकण्याआधी झोपलेल्याला हलवू नये म्हणतात. मी त्याला हलवलं. डोळे उघडे होते, पण मला ओळखलं नाही. मी शिकलेली बाई, मी असल्या —
भीती वाटते. खोटं कशाला लिहू.

२ ऑगस्ट
भात नको. पानं नकोत. तोंडातून धागा येतोय. फांदीला गुंडाळतोय. मी पाय धरून ओढले —

५ ऑगस्ट
कोष झाला. माझ्याएवढा, दगडासारखा टणक. आत हलतो.

१४ ऑगस्ट
सासूबाई शेजारी बसून समजुतीने बोलल्या. पतंगाला तोंड नसतं. खात नाही, बोलत नाही, आठ दिवसांत मरतो. शिवाय बाहेर पडताना कोष फोडतो, धागा वाया जातो. त्याआधी उकळावा. सासऱ्यांचा त्यांनी उकळला होता. अंगावरची चादर दाखवली. निर्णय माझा, म्हणाल्या.
मुका किडा सांभाळू? चाईबाशात काय तोंड दाखवू?
हो म्हटलं.

१५ ऑगस्ट
पाणी उकळतंय. चौघांनी कोष आत सोडला —
तोंड नसतं म्हणाल्या होत्या. मग आतून माझं नाव घेऊन कोण —