चमचे वाटायचं काम

ती. आईस, दुरूनच पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. दोन्ही वेळचं जेवण हॉटेलातच होतं. माझ्या ठकीचा खोकला गेला का? फोटो बघून बाबा म्हणते ना अजून?

लेकरं घेऊन येणाऱ्यांचं टेबल इथे मलाच देतात. तू आम्हाला बसवायचीस तसंच करतो. लहानग्याचं ताट आधी, आणि सगळ्यांना चमचे वाटायचं काम त्याच्याकडे. मग रडणं थांबतं, आईबापही निवांत जेवतात.

आज ठकीएवढीच एक पोर माझं बोट सोडेना. तिच्या आईनं विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत?"

मी नाही म्हणालो. हो म्हटलं असतं तर केवढी आहे, काय काय बोलते, असं विचारत बसली असती, आणि माझ्या हातात गरम सूप होतं.

ठकीला हे कधी सांगू नकोस.

तुझा लेक,
ठकीचा बाबा