राहिलेले दहा अध्याय

६ जानेवारी २०२५, मिरज

पोथी आणा म्हणते! मला! छत्तीस वर्षं कोरेगावला शाळेत विज्ञान शिकवलं, दर विज्ञान दिनाला फळ्यावर हातभर अक्षरात 'आधी तपासा, मग माना' लिहिलं, आणि बायको दवाखान्याच्या खाटेवरून सांगते, "आवं, माझी पोथी ऱ्हायलीया. अकरा अध्याय झाल्यात, धा ऱ्हायल्यात. तुमी वाचा, मी आयकते."

तिच्या माहेरच्या गावदेवाची पोथी ती. एकवीस अध्याय. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत घालून आणलेली. मार्गशीर्षात पारायणाला बसली, अकरावा संपला आणि पोटात कळ आली ती थांबेचना. माधवनगरच्या घरून थेट इथंच आलो. स्वादुपिंड. यकृतापर्यंत पोचलंय.

म्हणालो, बरी हो, घरी येऊन तूच वाच. भिंतीकडे तोंड केलं. बनूनं भिंतीकडे तोंड केलं की मी हरलो हे पंचेचाळीस वर्षांत ठरूनच गेलंय.

७ जानेवारी

आणली. लाल फडक्यात बांधलेली. रिक्षात मांडीवर घेऊन बसलो आणि कोणी जुना विद्यार्थी भेटेल म्हणून वरून वर्तमानपत्र धरलं. बारावा अध्याय वाचला. चष्म्याशिवाय वाचायला गेलो, अडखळलो. "चष्मा लावा की," म्हणाली. लावला.

९ जानेवारी

तेरावा आणि चौदावा. चौदाव्यात देव अंगारा लावून तापकऱ्या माणसाला उठून बसवतो. मला राहवेना. म्हटलं, बनू, ताप जंतूंनी येतो, राखेनं—

"ही काय परीक्षा न्हवं. लाल पेन ठेवा खाली. वाचा."

शेजारच्या खाटेवरच्या तानुबाई खुदकन हसल्या. जतकडच्या. पित्ताशयाचं ऑपरेशन करायचंय, पण साखर उतरत नाही म्हणून पडून आहेत. मी वाचायला लागलो की कूस बदलून इकडे तोंड करतात. म्हणजे वर्ग दोघींचा. शाळेत पन्नास पोरं असायची, एवढं शांत कधी कोणी बसलं नाही!

राग येतो, पण कोणावर ते कळत नाही. खाली तळमजल्यावर सीटी स्कॅनचं यंत्र आहे, तिच्या पोटातली गाठ त्यानं मिलिमीटरपर्यंत मोजून दाखवली. किती माणसांनी किती वर्षं डोकं लावलं तेव्हा ते उभं राहिलं. आणि वर दुसऱ्या मजल्यावर मी अंगाऱ्याच्या ओव्या म्हणतोय.

११ जानेवारी, शनिवार

प्रियदर्शनी साताऱ्याहून आली. लेक कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे पिशवीत फळं कमी आणि पुस्तकं जास्त. "बाबा, आईला काहीतरी चांगलं ऐकवू या." तिच्या मते पोथी म्हणजे जुनी भीती, आणि माझं विज्ञान म्हणजे कोरडं फडकं. माझ्या मते कथा-कादंबऱ्या म्हणजे छापलेल्या गप्पा. हे भांडण वीस वर्षं चाललंय. बनू त्यात पडायची नाही. ताटं वाढायची आणि म्हणायची, आता गिळा.

कथा चांगली होती. इथं कबूल करायला काय जातंय? एका बाईची म्हैस बाजारात विकली जाते आणि चार दिवसांनी नव्या मालकाचं दावं तोडून घरी येते. प्रिया वाचते पण छान. तानुबाईंनी डोळ्याला पदर लावला. मीसुद्धा खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

"आई, कसं वाटलं?"

"लय झ्याक गं. म्हशीचं वाईट वाटलं. आता बाबास्नी सांग, पंधरावा लावा म्हणावं."

प्रियाचा चेहरा एवढासा झाला. मग बनूनंच तिचा हात ओढून घेतला. म्हणाली, "गोष्टीत फुडं काय हुतंय ते ठावं नसतंय, म्हणून आयकावं वाटतंय. पोथीतलं समदं ठावं असतंय. मला आता ठावं असल्यालंच पायजे बाळा. नवं काय नगं."

पदवीधर लेकीनं पुस्तक पिशवीत ठेवलं, पदवीधर बापानं पोथी काढली. पंधरावा वाचला.

१२ जानेवारी

डॉक्टर तरुण आहे. खोटं बोलत नाही, त्याबद्दल मला आदर आहे. ऑपरेशन नाही. केमो झेपणार नाही. "दुखणं आवाक्यात ठेवू, सर." किती दिवस? "आठवडे. महिने म्हणणार नाही." मी आकडे मागितले, त्यानं आकडे दिले. शंभरातले किती, किती दिवसांत. सगळं स्वच्छ. मी शिकवलेला विद्यार्थी असता तर पैकीच्या पैकी दिले असते.

बाहेर बाकावर बसून राहिलो. उत्तर बरोबर होतं. ते घेऊन तिच्याकडे कसं जायचं हे मात्र कुठल्याच पुस्तकात शिकलो नव्हतो. शेवटी गेलो आणि सोळावा वाचला. तिनं काही विचारलं नाही.

१३ जानेवारी

भोगी. तानुबाईंच्या सुनेनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी आणली. बनूनं नुसता वास घेतला.

गेले चार दिवस ती म्हणतेय, "पोथी पुरी झाली की मी सुटले." मला वाटलं, दवाखान्यातून. घरी जायची आस लागलीय बिचारीला! परवा सांगलीत जाऊन डोक्याकडून वर होणारी खाट भाड्यानं मिळते का याची चौकशीही करून आलो. आज ती झोपली होती तेव्हा तानुबाईंना म्हटलं, आता पाचच अध्याय राहिलेत, मग हिला घरी नेणार. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मास्तर, येवढं शिकल्यालं तुमी. ती कुठलं सुटायचं म्हणतिया, कळलं न्हाई व्हय?"

कळलं. शाळा सुटते, गाडी सुटते. आमच्या गावात कोणी फार दिवस अंथरुणावर पडून गेलं की म्हातारी माणसं म्हणतात, सुटला बिचारा. लहानपणापासून ऐकतोय. एवढा साधा शब्द आणि मी खाट शोधत फिरलो!

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ तिच्या ओठाला लावला. सतरावा वाचला. फार सावकाश.

१५ जानेवारी

आजही सतरावाच वाचला. तिच्या लक्षात आलं असणार. माझ्याकडे बघितलं फक्त.

१६ जानेवारी

घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत आहे. पोथी पिशवीत, पिशवी खाटेखाली, आणि ती मी पायानं आणखी आत सारली.

प्रियाला फोनवर बोलता बोलता सुगावा लागला. "बाबा, पोथी संपली की आई जाईल असं वाटतंय तुम्हाला? तुम्हाला?" मूर्खासारखं बोलू नकोस म्हणालो आणि फोन ठेवला. मूर्ख कोण ते इथं लिहायला हरकत नाही. एका सहकाऱ्यानं नव्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधली म्हणून मी भर स्टाफरूममध्ये त्याची सालटी काढली होती. बिचारा आठवडाभर बोलला नव्हता माझ्याशी. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिली दुसरीचं कारण होत नाही, हे नववीच्या पोरांना मी उदाहरणं देऊन देऊन शिकवायचो. सगळं पाठ आहे मला. आणि तरी चार अध्याय दाबून बसलोय!

शी!

१७ जानेवारी

ती गुंगीत होती म्हणून पोथी बाहेर काढून नुसतीच चाळली. कोपरे हळदीच्या बोटांनी पिवळे झालेत. बनू चौथीपर्यंतच शिकली, वाचायची सवय राहिली ती हिच्यामुळे. नाहीतर अक्षरं केव्हाच विसरली असती. मी तिला एकदाही काही वाचायला दिलं नाही. घरात माझी दोन कपाटं भरून पुस्तकं, विश्वाच्या उत्पत्तीपासून सगळं, आणि ती त्यांच्यावरची धूळ पुसायची. कधी विचारलं असतं, बस, ग्रहण कसं लागतं ते सांगतो, तर ऐकलं असतं तिनं. मी गावभर भाषणं देत हिंडलो.

ही पोथी खरी नाही. आजही म्हणतो. अंगाऱ्यानं ताप जात नाही. पण ती त्यासाठी वाचतच नव्हती बहुतेक. मग कशासाठी ते मला अजून सांगता येत नाही. तिला विचारायची लाज वाटते.

१८ जानेवारी

कालपासून दुखणं दंडावर चिकटवलेल्या औषधाच्या पट्टीला जुमानत नाही. डोस वाढवला, पुन्हा वाढवला. दुपारी तिनं उशीचा कोपरा दातात धरला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आवं. वाचा की. किती दीस लावताय?"

"घसा अजून—"

"घशाला काय बी झाल्यालं न्हाई." मग दम घेऊन म्हणाली, "मला सोडा आता."

बाहेर गेलो, तोंड धुतलं, परत आलो. पिशवी ओढून काढली. अठरावा, एकोणिसावा, विसावा, एकविसावा. दोनला बसलो, साडेपाचला उठलो. मोठ्यानं वाचलं, एकेक अक्षर सुटं करून. तानुबाई हात जोडून बसल्या होत्या. नर्स आली, सलाईन बदलून चपला न वाजवता गेली. शेवटच्या पानावर माझा डावा हात बनूच्या मनगटावर होता. नाडी बघत होतो.

फडकं बांधलं. बनू हसली. महिन्यात पहिल्यांदा. "झ्याक वाचलं," म्हणाली आणि झोपली.

मी मारलं तिला असं वाटतंय. वाटतंय ते लिहिलं.

१९ जानेवारी

झोपूनच आहे. श्वास मिनिटाला चौदा. प्रिया सकाळच्या गाडीनं आली. तिनंही पुस्तक काढलं नाही.

२० जानेवारी

सकाळी डोळे उघडले. वरचा पंखा बघितला, मला बघितलं, तानुबाईंची खाट बघितली. "पुरी झाली न्हवं?" म्हणाली. "मग मी अजून हितंच कशी?" आणि रडायला लागली. दुखण्यानं नव्हे, ते रडणं मला ओळखता येतं.

पोथी वाचून काही होत नाही, हे आयुष्यभर सांगत आलो. आज पुरावा मिळाला. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

म्हणालो, "माझ्याकडनं एक ओवी सुटली, बनू. मधीच कुठंतरी. पोथीचं काय चुकलं न्हाई."

एकही सुटली नव्हती.

पदरानं डोळे पुसले तिनं. "मला वाटलंच. तुमचं ध्यानच नसतंय." पहिल्या अध्यायापासून पुन्हा लावलीय.