यादीतलं पहिलं नाव

सोमवार, २ जून
आज रुजू झाले. रुग्णालयातली संगणकाची खोली काडेपेटीएवढी, पण खिडकी मोठी. मावशींनी न विचारताच चहा आणला आणि म्हणाल्या, टिकलीस तर आमची. काम सोपं आहे. वॉर्डांतल्या जुन्या संगणकांवर केलेल्या रुग्णांच्या याद्या युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या नव्या यंत्रात चढवायच्या. नाव जुळलं तरच औषधांचं कपाट उघडतं.

गुरुवार, ५ जून
तिसऱ्या वॉर्डात एक नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना तीन दिवस औषधच नाही. यंत्र म्हणतं, असा रुग्ण नाही. यादी डोळे फाडफाडून वाचली. नाव अगदी बरोबर. शेवटी फाइलीचे बाइट, म्हणजे साठवणीतली एककं, मोजले. तीन जास्त! जुना संगणक फाइलीच्या तोंडाशी लिपी ओळखण्याची एक अदृश्य खूण ठेवतो. नवं यंत्र तिला नावातच धरतं. म्हणून यादीतलं पहिलं नाव, म्हणजे एक नंबरच्या खाटेचं, कुणाशीच जुळत नाही. खूण काढली. कपाट उघडलं.

शुक्रवार, ६ जून
आजोबा गेले.
आमच्या विभागाच्या साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, वय झालं होतं, उगाच बोलू नकोस. खूण आपोआप काढणारी संगणकाची आज्ञा लिहून दिली, तर म्हणाले, मंजुरी येईपर्यंत हातानेच काढ. आजोबांची सून बाकावर बसली होती. म्हणाली, ताई, तुम्ही फार धावपळ केलीत. मी खोलीत परतून पुढची यादी उघडली.

सोमवार, १६ जून
रोज सकाळी आठ याद्या, आठ खुणा. जेवण जातं. झोप लागते. काही वाटत नाही.

गुरुवार, १९ जून
ताप. मावशींनी हाताला धरून बायकांच्या वॉर्डात आणलं. छातीत संसर्ग आहे, दर चार तासांनी औषध हवं, असं डॉक्टर म्हणाले. एकच खाट रिकामी होती. एक नंबरची.

शुक्रवार
औषधांची गाडी पुढे गेली. सिस्टर नव्या आहेत. म्हणाल्या, यंत्रात तुमचं नाव नाही, संगणकवाल्या बाईंना निरोप धाडलाय, पण त्या रजेवर आहेत. म्हटलं, ती मीच. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. ताप डोक्यात गेलाय म्हणाल्या.

शनिवार
खूण कशी काढायची ते चिठ्ठीवर लिहून दिलं. मावशींनी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब सोमवारी येणार —

रविवार
शेजारच्या खाटेवरच्या आजी त्यांच्यातली अर्धी गोळी देऊ करतात. ती कशाची, त्यांना माहीत नाही. घेतली.

सोमवार
गाडीची चाकं ऐकू येतात. भीती वाटायला हवी. नाही वाटत.
दोन नंबरपाशी थांबली. सिस्टर, यादीत वर बघा, माझं नाव —