आईची परवानगी

४ ऑगस्ट

शाळेतून बोलावणं होतं. माझ्या खारूच्या वर्गातल्या एका मुलीला कुणा अनोळखी माणसाने फोनवर ओळख वाढवून बागेत भेटायला बोलावलं. मुलगी गेली! बाप वेळेवर पोचला म्हणून निभावलं. वर्गशिक्षिकेने आम्हा पालकांना मुलांच्या बाकांवर बसवलं. गुडघे मावेनात. 'घरी जा आणि मुलांचे फोन बघा,' म्हणाल्या. एवढंच. कसे बघायचे ते त्यांनाही ठाऊक नसावं.

घरी येऊन बघितलं. सोय आधीपासूनच आहे. ही होती तेव्हा, खारूला फोन घेतला त्याच दिवशी, हिने लावलेली — मुलांच्या फोनवर पालकांनी नजर ठेवायचं ॲप. मुख्य पालक म्हणून माझं नाव घातलं होतं. 'तुझं ऐकते ती. माझं ऐकून कान किटलेत तिचे.' मी ते एकदाही उघडलं नव्हतं.

आज उघडलं. सगळं आवळलं. फोन संध्याकाळपुरता. नवीन ॲप घ्यायचं तर विचारून. नवीन कुणाशी बोलायचं तर विचारून. माझ्या नावाखाली हिचं नाव आहे. मागच्या हिवाळ्यात ही गेली, ॲपला ते कुणी सांगितलेलं नाही. तसंच ठेवलं.

खारूला सांगितलं. 'बरं,' म्हणाली. तेरा वर्षांची मुलगी 'बरं' म्हणते! भांडली असती तर बरं वाटलं असतं.

६ ऑगस्ट

पक्कडला सांगितलं. लिफ्टदुरुस्तीच्या कामावर तो माझा जोडीदार. त्याचं खरं नाव त्याची बायकोही विसरली असेल. खो खो हसला.

'शेठ, आमच्या कार्ट्याने ते कुलूप ताट वाढेपर्यंत तोडलं. आता तो माझाच फोन बंद करतो. म्हणतो, बाबा, डोळे खराब होतील.'

म्हटलं, 'कुलूप नाही रे. लिफ्टचं दार लागताना मधे हात आला की दार मागे सरतं ना — तसं समज.'

'हो ना. आणि त्याच दारात लोक पुठ्ठा खुपसून ठेवतात.'

खरंच आहे. आज सकाळीच एक उपसून काढला.

९ ऑगस्ट

वेळ संपली की तिचा फोन आपोआप विझतो. मग ती खिडकीशी जाऊन बसते. आधी फोनकडे बघत गप्प असायची. आता कशाकडेच न बघता गप्प असते. माझी कमाई एवढीच.

१३ ऑगस्ट

लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरताना फोन वर मशीनच्या खोलीत ठेवावा लागतो. खिशातून निसटला तर थेट तळाला. दुपारी वर आलो तर निरोप — 'खारूने विनंती केली आहे. चित्रांच्या ॲपसाठी अर्धा तास.' दिला.

आम्ही दोघं आता असे बोलतो. ती मागते, मी देतो किंवा देत नाही. शब्द ॲपचे. विनंती म्हणे! खारूने जन्मात कधी विनंती केली नाही. ती हट्ट करायची. जमिनीवर लोळायची. ही म्हणायची, 'लोळ, लोळ, तेवढीच फरशी पुसून निघते.'

१७ ऑगस्ट, रविवार

ताई आली होती. आल्या आल्या माझ्यावर घसरली. 'पोरीला आई नाही आणि तू तिला चौकीदार आणून दिलास?'

'मग काय करू?'

'बोल तिच्याशी.'

'काय बोलू?'

ताई कांदा चिरत राहिली. मग खारूकडे वळली. 'काय गं, एवढं काय बघतेस त्यात?'

'चित्रं.'

'कसली?'

'प्राण्यांची. मी काढते, तिथे टाकते.'

'माझं काढ की एखादं.'

'तू प्राणी नाहीस, आत्या.'

'तुझ्या बाबाला विचारून बघ!'

हसलो. तिघंही. या घरात हा आवाज किती दिवसांनी! आणि तेवढ्यात खारूचा अर्धा तास संपला, हातातला फोन काळा झाला. ती उठून आत गेली. ताईने माझ्याकडे बघितलं. मी कांद्याकडे.

२१ ऑगस्ट

जेवताना खारूने विचारलं, 'बाबा, मोठी माणसं शाळेतल्या मुलींशी का बोलतात?'

घास खाली ठेवला. 'कोण बोलतं?'

'कुणी नाही. निबंध आहे.'

'फोन आण.'

आणून दिला. तिच्या चित्रांखाली लोकांचे शेरे होते. एक जण मात्र प्रत्येक चित्राखाली. 'वा, उस्ताद!' 'तुझा हात सोन्याचा.' 'तुझ्याशी बोलायला मिळालं तर माझा दिवस चांगला जाईल.' त्याच्या नावाच्या जागी नुसता एक काळा ठिपका.

'हा कोण?'

'माहीत नाही. सगळ्यांनाच लिहितो.'

सगळ्यांना लिहीत नव्हता. मी पाहिलं. ठिपक्याला तिथल्या तिथे बंद केलं, ॲपवाल्यांकडे तक्रार केली. उत्तर लगेच आलं — आपली तक्रार मिळाली.

आता लिहिताना वाटतं, तिने प्रश्न विचारला होता. मी फोन मागितला.

२३ ऑगस्ट

आज चित्राखाली पुन्हा शेरा. नावाच्या जागी आता दोन ठिपके.

२४ ऑगस्ट

या दोन ठिपक्यांनाही बंद केलं. उपयोग शून्य. नवीन नाव घ्यायला त्याला काय लागतं? फुंकर. आपण भिंत बांधतो, तो शेजारून चालत येतो. ताई फोनवर म्हणाली, 'काढूनच घे ना तो फोन!' घेईन. मग मैत्रिणीचा आहे, शाळेतला आहे. या फोनवर तिने काही मागितलं तर निदान मला कळतं. आणि हिच्या आवाजातले जुने निरोप याच फोनवर आहेत. ते कसे काढून घेऊ?

२८ ऑगस्ट

मशीनच्या खोलीत हात पुसत होतो. फोन वाजला.

'खारूला पंधरा मिनिटं जास्त मिळाली. परवानगी देणारे पालक: आई.'

हत्यारांच्या पेटीवर बसलो. पक्कड म्हणाला, 'काय झालं, शेठ?'

'काही नाही. हिचा निरोप आला.' बोलून गेलो आणि जीभ चावली. पक्कडने त्याच्या थर्मासमधला चहा माझ्यापुढे ठेवला आणि एकटाच खाली उतरला.

२९ ऑगस्ट

हिचा फोन कपाटात असतो, हिच्या स्वेटरांखाली. आज हात घालून पाहिला.

गरम होता.

३० ऑगस्ट

उलगडा काही अवघड नाही. हिचा नंबर बंद झाला, पण फोन घरच्या इंटरनेटवर चालतो. खारू तो चार्ज करते. उघडायचा आकडा म्हणजे तिचीच जन्मतारीख. ॲपचा नियम असा की दोन पालकांपैकी आधी जो उत्तर देईल त्याचं खरं. दुसऱ्याकडची विनंती निघून जाते; होकार तेवढा कळतो. म्हणजे एका हाताने मागायचं, दुसऱ्या हाताने द्यायचं. पुठ्ठा! महिनाभर मी दाराशी पहारा देत उभा, आणि दार आतून उघडंच.

नवीन ओळखींत कुणी दिसलं नाही. ठिपका अजून बाहेरच आहे. पण कधीही आत आला असता. 'आई'ने हो म्हटलं की झालं.

संताप आला. मग गेला. ती शाळेत असताना तो फोन हातात घेऊन बसलो. मागच्या काचेवर तडा आहे, जिन्यात पडला होता तेव्हाचा. खारूने त्यावर पट्टी चिकटवली आहे. आता चिकटवलेली. पट्टी नवीन आहे.

विचारायला हवं. काय विचारू? 'तू आई का झालीस?' — असं?

फोन जागेवर ठेवला.

१ सप्टेंबर

विचारलं नाही.

२ सप्टेंबर

ॲपमध्ये हिच्या नावापुढे लिहिलेलं असतं — 'सदस्य काढून टाका.' दाबलं की विचारतं — 'नक्की?' शेजारी हिचा इवलासा फोटो. समुद्रावरचा. केस डोळ्यांवर आलेले.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'काढ. फोटो भिंतीवर आहे की.'

'भिंतीवरचा फोटो परवानगी देत नाही, ताई.'

ताई म्हणाली, 'अरे, गेलेलं माणूस राखायचं की असलेलं?' आणि लगेच, 'मला तसं म्हणायचं नव्हतं.' तसंच म्हणायचं होतं. बरोबरही होतं.

काढलं नाही.

५ सप्टेंबर

खारूच्या वर्गातली ती मुलगी शाळा सोडून गेली. घरचे गावच बदलणार आहेत. बाप मला आज बसथांब्यावर भेटला. नखशिखांत थकलेला. म्हणाला, 'आम्हाला वाटायचं, आमची पोर सगळं सांगते.' बस आली. तो चढलाच नाही, तसाच उभा. कुठे जायचं होतं ते बहुधा विसरला.

घरी आलो आणि काढलं. बोट ठेवलं, 'नक्की' म्हटलं. ॲपने सांगितलं — 'या गटात आता एकच पालक आहे.'

हो. माहीत आहे.

हिचा फोन बंद केला आणि कामावरच्या माझ्या कपाटात नेऊन ठेवला.

६ सप्टेंबर

खारू जेवली नाही. डोळे सुजलेले. तिने स्वेटरं उचकून पाहिली असणार. घड्या बदललेल्या होत्या. दोघांनाही माहीत की दुसऱ्याला माहीत आहे. मधे टेबल.

वाटलं होतं, आता घर सुरक्षित झालं की हायसं वाटेल. कपाळ! आधी ती चोरून का होईना, कुणाशी तरी बोलत होती.

८ सप्टेंबर

जुन्या दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक आजी. आमचा पहिला धडा हाच — अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, मग हत्यार. मी फटीतून म्हणालो, 'आजी, घाबरू नका. बोलत राहा माझ्याशी.'

आतून आवाज, 'मी काय बोलू? अडकलेय मी! तूच बोल काहीतरी!'

पक्कड हसून हसून भिंतीला टेकला. मी बोललो. पाऊसपाणी, दोर, मोटर, माझी मुलगी घुबडं छान काढते — वाट्टेल ते. लिफ्ट खाली आली तेव्हा आजी म्हणाल्या, 'बरा बोलतोस की.'

घरी आलो. खारूच्या खोलीचं दार बंद. बाहेर उभा राहिलो. एक शब्द फुटला तर शपथ.

आता काही व्हायचं नाही. मोठी होईल, जाईल. मी विनंत्या मंजूर करत बसेन, त्याही यायच्या बंद होतील.

९ सप्टेंबर

दिवसभर शाफ्टमध्ये. संध्याकाळी वर येऊन फोन घेतला, तर दुपारपासून पडून असलेला निरोप — 'एक अनोळखी खाते खारूशी व्हिडिओवर बोलू इच्छिते. आपली परवानगी हवी.' नावाच्या जागी ठिपका. हत्यारं तिथेच टाकून पळत घरी. खारू दारातच उभी, फोन दोन्ही हातांत धरून.

'बाबा, होतास कुठे? नाही म्हण ना लवकर! मी नाही म्हटलं की तो चिडतो, काहीही लिहितो. आईने नाही म्हटलंय असं दिसलं की गप निघून जातो. आई दर वेळी लगेच म्हणायची.'